सून जेवायला घालत नाही

म्हाताऱ्या माणसाला भेटायला येणाऱ्या लोकांचा मला मनापासून तिटकारा आहे. आमच्या जुन्नर-आंबेगावात ही मंडळी ठरलेल्या पद्धतीनं येतात. सोबत बिस्किटांचा पुडा, नाहीतर डझनभर केळी. चपला काढतात, पाणी पितात आणि मग म्हाताऱ्या माणसाच्या तोंडाजवळ तोंड नेऊन ओरडतात, "वळखलं का मला? सांगा बरं, मी कोन?" माझ्या आईला स्मृतिभ्रंश झाला होता, ती बहिरी नव्हती. पण आठवण गेली की कानही गेले, अशी सगळ्यांची खात्रीच असते. ती घाबरून माझ्याकडं बघायची, की पाहुणे आणखी मोठ्यानं विचारायचे. मी सारी नोकरी जिल्हा परिषदेच्या शाळेत केली, पण पहिलीतल्या पोरालासुद्धा मी असं कोपऱ्यात गाठून कधी विचारलं नाही. उत्तर आलं नाही की पाहुणे चेहरा पाडून म्हणायचे, "लई वंगाळ झालं बघा," आणि तिच्याच उशाशी बसून, तिच्याच देखत, ती अजून किती काढेल याचा अंदाज बांधत बसायचे. चहा संपेपर्यंत हे चालायचं. चहा अर्थात मीच करायचा.

इतकं तोंड सोडून बोलते आहे, तर आधी माझंच सांगून टाकते. या सगळ्या मूर्खांमध्ये पहिला नंबर माझा.

आई आधी भावाकडं होती, बेल्ह्याच्या अलीकडच्या एका गावात. तिचं सगळं माझी वहिनी करायची. मी कळंबला राहते, हायवेलगतच्या दोन खोल्यांत. नवरा गेलेला, मुलगी लग्न होऊन नाशिकला. महिन्यातून एकदा मी एसटीनं आईला भेटायला जायचे. केळी घेऊनच. एका खेपेला आई माझा हात धरून रडायला लागली. "सून जेवायला घालत न्हाई गं. सकाळपास्नं पोटात कायबी न्हाई." मी विचार केला नाही. स्वयंपाकघरात जाऊन एक झाकण उघडून बघितलं नाही. अंगणात उभी राहिले आणि वर्गात पोरांना दटावायचा आवाज काढून वहिनीला बोलले. काय काय बोलले ते लिहीत नाही, तिच्या माहेरापर्यंत गेले एवढं पुरे. वहिनीच्या हाताला पीठ होतं. ती म्हणाली, "आक्का, आत्ता अर्ध्या तासामागं जेवल्यात त्या." मी म्हणाले, "म्हणजे माझी आई खोटं बोलते?" भाऊ ओट्यावर बसून तंबाखू मळत होता, तो मळतच राहिला. मी आईची पिशवी भरली आणि तिला कळंबला घेऊन आले. एसटीत मला स्वतःचं फार कौतुक वाटत होतं.

नवव्या दिवशी माझ्या दारात शेजारीण उभी. हातात ताटली, तिच्यात भाकरी आणि वर झुणका. "बाई, राग मानू नका, पण म्हातारी सांगत व्हती, लेक जेवायला देत न्हाई म्हणून." आईला जेवून पाऊण तास झाला होता. भाजीची कढई अजून गॅसवर कोमट होती.

या आजारात जेवलेलं आठवत नाही, जेवल्याचं समाधानही राहत नाही, म्हणून माणूस पुन्हा पुन्हा मागतं. मंचरच्या डॉक्टरांनी हे मला पाच मिनिटांत समजावलं आणि मला ते लगेच पटलं. हेच वहिनी मला सहा महिने सांगत होती. पण वहिनी कुठं डॉक्टर होती?

आई अडीच वर्षं माझ्याकडं होती. त्या अडीच वर्षांत मी वहिनीची माफी मागितली नाही. आज फोन करू, दिवाळीला करू, समोरासमोर बोलू, असं करत राहिले. आईचा दहावा नदीच्या घाटावर झाला. आमच्याकडं दहाव्याला प्रवचन असतं आणि प्रवचनानंतर श्रद्धांजलीला पुढाऱ्यांची रांग असते. ज्यानं माझ्या आईला जन्मात पाहिलं नव्हतं असा एक जण माईक धरून म्हणाला, "अशी लेक घरोघरी जन्माला यावी." लोकांनी माना डोलावल्या. वहिनी तेव्हा बायकांच्या बाजूला चहाचे कागदी कप वाटत होती. माझ्यापाशी आली, कप दिला आणि पुढं गेली. मी चहा प्यायले.

आई गेल्यावर माझ्याकडं माणसं यायला लागली. पहिला आला तो नारायणगावला टोमॅटो पोचवणारा एक टेम्पोवाला. त्याचा बाप रोज दुपारी बैल सोडायला निघायचा, आणि बैल विकून बरीच वर्षं झालेली. शहाण्या पाहुण्यांनी त्याला सल्ला दिला होता, की म्हाताऱ्याला ठणकावून सांग, बैल न्हाईत आता. तो रोज सांगायचा आणि म्हातारा रोज बैल चोरीला गेले म्हणून नव्यानं रडायचा. मी त्याला म्हणाले, सांगू नकोस, गव्हाणीत टाकायला कडबा दे. म्हातारा आता रोज दुपारी गव्हाणीत कडबा टाकतो, शेजाऱ्याची शेळी तो खाते, आणि बैलांनी वैरण संपवली म्हणून म्हातारा खुशीत असतो. एवढी साधी गोष्ट. पण ती सुचायला त्या माणसासोबत राहावं लागतं, केळी घेऊन येणाऱ्याला ती सुचत नाही.

मग दर गुरुवारी दुपारी माझ्याकडं पाच-सहा जण जमू लागले. सगळे घरात असंच माणूस सांभाळणारे. एका संस्थेची दोघं मध्यंतरी येऊन गेली. म्हणाली बॅनर लावू, उद्घाटन करू, फोटो काढू. त्यांना मी चहा न देता वाटेला लावलं. आमच्यात एकच नियम आहे. 'पुण्य लागेल' असं कुणी कुणाला म्हणायचं नाही. जो स्वतः काही करत नाही तो दुसऱ्याला पुण्याचं आमिष दाखवतो, हे आम्हाला चांगलं ठाऊक झालंय.

या गटात एक सून यायची. पस्तिशीतली, कळंबजवळच्याच एका वस्तीवरची. पहिले तीन गुरुवार ती दाराशी बसली, मोबाईल मांडीवर उताणा ठेवून, म्हणजे घरून फोन आला की उठता येईल. चौथ्या गुरुवारी खाली बघून म्हणाली, "बाई, सासू गावभर सांगती, सून जेवायला घालत न्हाई." आम्ही सगळे एकदम हसलो. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मग तिच्या लक्षात आलं की आम्ही तिला हसत नाही, प्रत्येकाच्या घरात हेच वाक्य आहे. टेम्पोवाला म्हणाला, "ताई, माझा बाप तर पोलीस पाटलाकडं तक्रार करून आलाय." तिनं मला विचारलं, "तुमच्या आईबी म्हणायच्या?" मी म्हणाले, "म्हणायची ना. माझ्याबद्दलसुद्धा म्हणायची." वहिनीचं मी काही बोलले नाही. ते बोलायची ती जागा होती, वेळही होती, तरी मी गिळून टाकलं.

तिच्या वस्तीला लागून ऊस आहे, आणि उसात बिबट्या. दिवेलागणीला अख्खी वस्ती दारं लावून घेते. हिनं सासूसाठी ओट्याच्या जाळीला कडी लावली, की ते मात्र 'म्हातारीला कोंडून ठेवणं'. सासूला साखरेचा आजार. हिनं चहात साखर घातली नाही, तर 'म्हातारीच्या तोंडचा घास काढणं'. सकाळी ही गोठ्यात गेली, की सासू बाहेर पडायची आणि दारोदार सांगायची, उपाशी आहे. मग एकेका घरात अन्नपूर्णा जागी व्हायची. खाऊ घालायचं, वर सुनेला ऐकू जाईल असं हळहळायचं. दवाखान्यात साखर वाढलेली निघाली, की त्याचाही दोष सुनेकडंच.

या सगळ्यावर तिची नणंद. भोसरीहून गाडी घेऊन महिन्यातून एकदा यायची, पेढे घेऊन. साखरेच्या माणसाला पेढे! आईनं दोन अश्रू काढले, की हिनं चार काढायचे. ती एकदा मला वस्तीवर भेटली, तेव्हा तिच्याकडं मला बघवेना. गॉगल सोडला तर ती हुबेहूब मी होते.

सुनेचा नवरा चाकणला कंपनीत. घरात बायकोला कुणी काही बोललं, की हा मोबाईलमध्ये बघायचा. त्या मोबाईलमध्ये एवढं काय असायचं कोण जाणे.

शेवटी नणंदेनं भावकीची बैठक लावली. रविवारी सकाळी, मारुतीच्या देवळात. ठरवायचं काय, तर म्हातारीला चुलत दिराच्या घरी न्यायचं आणि सुनेला माहेरी पाठवायचं. गुरुवारी सून हे सांगताना रडली नाही. म्हणाली, "बाई, कामातनं सुटले तर मला बरंच वाटंल. जायचं तर जाईन मी. पण सासूला उपाशी मारणारी म्हणून न्हाई जाणार. माझ्या पोरांना उद्या शाळंत हेच ऐकाया लागंल."

मला वाटलं हे सोपं काम आहे. शनिवारी मी वही घेतली आणि टेम्पोवाल्यानं मला तिच्या वस्तीवर सोडलं. आयुष्यभर जनगणना केली, मतदारयाद्या केल्या. शिक्षिकेच्या हातात वही दिसली, की आपल्याकडं लोक काही न विचारता माहिती देतात, खुर्चीसुद्धा पुसून देतात. मी पाच घरी गेले आणि विचारलं, आज म्हातारीला काय दिलंत? पाचही घरांनी छाती फुगवून सांगितलं. एका घरी चहा आणि दोन टोस्ट. दुसऱ्या घरी बाजरीची भाकरी आणि मटकीची आमटी. तिसऱ्या घरी शिरा, "तुपातला लिहा बाई." चौथ्या घरी वरणभात आणि वर गुळाचा खडा. पाचवं घर चुलत दिराचं, तिथं दुधातल्या शेवया. हे सगळं दुपारी बाराच्या आत. आणि पाचही घरांचं म्हणणं एकच, की आमी हाय म्हणून म्हातारी जगली. सुनेच्या घरी सकाळी दोन पोळ्या आणि दुधी भोपळ्याची भाजी खाऊन झाली होती, त्याचं उष्टं ताट अजून मोरीत होतं.

रविवारी देवळात सतरंजीवर पुरुष आणि खांबाआड बायका. मी गावची नव्हे, पण कळंबच्या शाळेच्या बाई म्हणून मला खुर्ची मिळाली. मी उभी राहिले आणि वही वाचून दाखवली. टोस्ट, भाकरी, शिरा, वरणभात, शेवया. एकेक घर आपलं नाव आलं की मान ताठ करत होतं आणि दुसऱ्याचं आलं की चमकत होतं. वाचून झाल्यावर मी वही मिटली. मला वाटलं, झालं, सुटला प्रश्न.

एक म्हातारे गृहस्थ खाकरले. म्हणाले, "पाच घरचं खाल्लं! म्हंजी पोटात केवढी आग आसंल बघा. भरल्या पोटी माणूस येवढं खाईल व्हय?"

सगळ्या माना हलल्या. खांबाआडून "आगं आई गं" असा उसासा आला. नणंदेनं गॉगल काढून डोळे पुसले. मी तीस वर्षं गणित शिकवलं, पण इतकं बरोबर गणित इतक्या लोकांनी एका दमात चुकवलेलं कधी बघितलं नव्हतं. मी साखरेचं बोलले, आजाराचं बोलले, मंचरच्या डॉक्टरांचं बोलले. "पुस्तकातलं आसतंय ते," चुलत दीर म्हणाला. नवरा मोबाईलमध्ये बघत होता. सून बायकांच्या शेवटच्या रांगेत उभी होती. तिला कुणी बस म्हटलं नव्हतं आणि कुणी काही विचारलंही नव्हतं.

माझ्याकडं सांगण्यासारखं आता एकच उरलं होतं, आणि ते काय हे फक्त मला माहीत होतं. ते सांगायची मला लाज वाटत होती. भीतीही वाटत होती, कारण या भागात 'आईला शेवटपर्यंत सांभाळणारी बाई' म्हणून माझा मान आहे आणि तो मला आवडतो. खाली बसावं असं वाटलं. खुर्चीला हातसुद्धा लावला होता.

मग बोलले. म्हणाले, "माझी आई मला म्हणाली होती, सून जेवायला घालत नाही. मी खरं मानलं. अंगणात उभं राहून माझ्या वहिनीला नको नको ते बोलले आणि आईला घेऊन आले. नवव्या दिवशी माझ्याच आईनं शेजारणीला सांगितलं, लेक जेवायला घालत नाही. तेव्हा ती नुकती माझ्या हातचं जेवून उठली होती. माझी वहिनी खरं बोलत होती. खोटी मी ठरले." नणंदेकडं बघून म्हणाले, "तू घेऊन जा आईला पंधरा दिवस. मग तुझे शेजारी काय म्हणतात ते आम्हाला येऊन सांग."

मग तेच म्हातारे गृहस्थ म्हणाले, "बाई सोता लेक हायेत. आपल्या आईचं लेक कशाला वंगाळ सांगंल? खरंच आसणार."

झालं. बैठक दहा मिनिटांत उठली. माहेरी पाठवायचं कुणी काढलं नाही. सुनेला विचारल्याशिवाय म्हातारीला कुणी काही द्यायचं नाही असं ठरलं, आणि ज्यांनी शिरा दिला होता त्यांनीच ते सगळ्यात मोठ्यानं ठरवलं. पंधरा दिवसांचं नाव काढल्यावर नणंदेला भोसरीची घाई झाली. आजाराचा पुरावा नको होता, डॉक्टर नको होता, पाच घरांची वही नको होती. सून दोन वर्षं जे सांगत होती ते लेकीच्या तोंडून आलं, की दोन मिनिटांत खरं. वर एक जण मला म्हणाला, "बाई, मोठं मन लागतं याला." थुंकावंसं वाटलं, पण देऊळ होतं.

टेम्पोवाला मला न्यायला आला, तेव्हा सून रस्त्यापर्यंत सोबत आली. आभार वगैरे तिनं मानले नाहीत. मला विचारलं, "बाई, तुमी असं कबूल केल्यावर तुमच्या वहिनी काय म्हणल्या?"

"अजून सांगितलं नाही तिला."

तिनं माझ्याकडं बघितलं. मग, "येते, म्हशीची धार ऱ्हायली," म्हणून वळली.

सोमवारी बेल्ह्याला बैलबाजार. चुलत दीर मोटारसायकलवर गाय बघायला गेला, आणि बाजारात गाय बघण्यापेक्षा बोलणंच जास्त असतं. मंगळवारी सकाळी माझा फोन वाजला. वहिनी. आईच्या दहाव्यानंतर तिनं मला कधी फोन केला नव्हता.

"आक्का, बाजारात ऐकलं. देवळात सगळ्यांम्होरं सांगितलं म्हणं तुमी."

"हो," मी म्हणाले. "वहिनी, मी तुला..."

"चांगलं केलं. त्या पोरीचं घर ऱ्हायलं." तिचा आवाज नेहमीसारखा होता, कामातून उठून बोलत असल्यासारखा. "आमच्या गावात अजून म्हणत्यात, हिनं सासूला उपाशी ठेवलं व्हतं, सोताच्या लेकीनं येऊन न्हेलं म्हातारीला. मागल्या साली माझ्या पोरीला स्थळ आलं व्हतं. त्यांनी चौकशी केली, तर त्यांनाबी कुणीतरी हेच सांगितलं. परत आलं न्हाईत ते."

मला हे माहीत नव्हतं. मी कधी विचारलंच नव्हतं. माझा ठरवून ठेवलेला माफीचा शब्द तर आता तिच्या कुठल्याच कामाचा नव्हता.

वहिनीनं पोरीला गॅस बारीक करायला सांगितलं. मग म्हणाली, "आमच्या गावात कधी येताय सांगायला?"